घेटुळीचा काढा



मागच्या अंकासाठी एक लेख आला होता. लिहिणारा आपलाच साथी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मोर्चात पुढं असतो, पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला आहे. लेखाचं नाव 'आमच्या आयांची औषधं'. गरोदर बाईला लागणारी सगळी दवा आपल्या मातीत उगवते, आपल्या आज्या-पणज्या ती जाणत होत्या, दवाखाना हा भांडवलदारांचा आणि वरच्या जातींचा कारखाना आहे, तेव्हा आपल्या बायांनी त्याच्यावर थुंकून परत झाडपाल्याकडं जावं, असं त्यात होतं. लेख जोरात होता. मी तो छापला नाही.

त्यावरून विहारातल्या बैठकीत भांडण झालं. साथी म्हणाला, तू गोदीत गोण्या उचलतोस, दहावी पास, तुला यातलं काय कळतं? ठीक आहे. त्याचं मला काही वाटलं नाही. पण दुसरा एक शहाणा उठला आणि म्हणाला, झाडपाला म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा, आपल्या बायाच अडाणी, त्यांना दोन कानाखाली दिल्या की सरळ होतील. याचा मात्र मला राग आला. अजून गेलेला नाही. या अंकाचं संपादकीय म्हणून त्या दोघांसाठी आहे.

लेख छापला नाही याचं कारण माझी वहिनी.

वहिनी बंदरावर कोलंबी सोलायला जाते. पहाटे चारला निघायचं, बर्फाच्या पाण्यात हात घालून उकिडवं बसायचं, किलोवर पैसे. पोट कितीही पुढं आलं तरी किलोचा भाव तोच. चौथ्या महिन्यात तिनं एका प्रसूतिगृहात नाव घातलं. सकाळी सहाला रांग, बाराला नंबर, त्या दिवसाची मजुरी गेली. आतल्या बाईनं राहता कुठं विचारलं आणि वस्तीचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं. 'तुम्हा लोकांना पोरं काढायची तेवढी घाई', हे सगळ्या रांगेसमोर. बीपीचं मशीन बिघडलेलं होतं. रक्तवाढीच्या गोळ्या हातात कोंबल्या आणि पुढची बाई आत बोलावली. गोळी कशाबरोबर घ्यायची हे सांगायला कुणाला फुरसत नव्हती. वहिनी ती चहाबरोबर घ्यायची. चहा असला की गोळीतलं लोह अंगी लागत नाही, हे मला आत्ता कळलं. परसाकडं काळं आणि घट्ट व्हायला लागलं तेव्हा तिनं गोळ्या फडताळात टाकल्या आणि पोट साफ व्हावं म्हणून सोनामुखी घ्यायला लागली. ती दवाखान्यात परत गेली नाही. तुम्ही गेला असता?

सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. मग हात सुजले, बांगड्या निघेनात. मग तोंड. आमच्या गल्लीत एक मावशी आहे. चांगली बाई. कुणाकडून पैसा घेत नाही, रात्री-बेरात्री हाक मारली तर उठून येते. तिनं घेटुळी, गोखरू आणि ज्येष्ठमधाचा काढा दिला. घेटुळी म्हणजे पुस्तकातली पुनर्नवा. तिनं लघवी मोकळी होते, सूज उतरते असं म्हणतात. चार दिवसांत पायांची सूज खरंच थोडी उतरली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. डोकं ठणकायचं त्याला सुंठ उगाळून लावली. डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, ते अशक्तपणाचं म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

आठव्या महिन्यात एका रात्री वहिनीला झटके आले. दातखिळी बसली, तोंडाला फेस आला. शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. ज्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगल्यात त्या भिंतीखाली लिंबू उतरवलं गेलं, मी बघत उभा होतो. मग भावानं टॅक्सी आणली. प्रसूतिगृहात डॉक्टर नव्हते, त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं पोचायला दीड तास गेला. वहिनी वाचली. पोर पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

वॉर्डाच्या बाहेर एका तरुण डॉक्टरीणबाईनं मला समजावून सांगितलं. एवढं सांगणारी ती पहिलीच. गरोदरपणात बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, तोंड-हात सुजतात, डोकं दुखतं, नजर धुरकटते, पोटाच्या वरच्या भागात दुखतं. वेळेत कळलं तर बीपी उतरवायच्या गोळ्या आहेत, आणि झटके टाळायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. एक साधं मीठ ते. महाग नाही. 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांवर बायांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा झटक्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. हे सगळं ओळखायला सुरुवातीला लागतो दंडाला बांधायचा एक पट्टा.

घेटुळीनं पोर मारलं असं मी म्हणत नाही. घेटुळीनं फक्त सूज उतरवली. सूज दिसते, बीपी दिसत नाही. दिसणारं कमी झालं म्हणून सगळे निर्धास्त झाले आणि तीन आठवडे गेले. हेच त्या तीन आठवड्यांत तिच्या दंडाला कुणी पट्टा बांधला असता तर? रोज रात्री मी इथंच अडकतो.

दुसरी गोष्ट ज्येष्ठमधाची. साथीनं लेखात 'आपल्या मातीतली मुळी' म्हणून त्याचं कौतुक केलंय. अरे बाबा, ती मुळी मी पाठीवर वाहिलीय. ज्येष्ठमध इराण-अफगाणिस्तानाकडून येतं. कंटेनरचं दार उघडलं की आत किडीसाठी दिलेल्या धुरीचा वास नाकात जातो, मग गोण्या. त्या गोण्या मसाल्याच्या बाजारात जातात, तिथून काष्ठौषधीवाल्याकडं, तिथून पुडीत मावशीकडं. आणि या मुळीत ग्लिसिरायझिन नावाचं द्रव्य आहे. जास्त पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपी चढवतं. फिनलंडमध्ये लोक ज्येष्ठमधाच्या गोळ्या-वड्या चघळतात. तिथं गरोदरपणात भरपूर ज्येष्ठमध खाल्लेल्या बायांची पोरं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर तपासली, तर ती बुद्धीच्या चाचण्यांत मागं पडलेली दिसली. हे 2017 साली छापून आलं. वहिनीच्या काढ्यात किती होतं? मावशीला विचारलं. ती म्हणाली, 'कडू लागतो रे बाबा काढा, पोरीला गोड लागावं म्हणून टाकलं.' चिमूट होती का मूठ, तिला आठवत नाही. त्यानंच बीपी चढलं असं कुणालाच सांगता येणार नाही. पण ती गोणी माझ्याच पाठीवरून उतरली असेल, हे मनातून जात नाही.

आता मावशीबद्दल. तिची आजी आमच्या गावची सुईण होती. मांगवाड्यातली. पाटलाची सून अडली की हिला बोलावणं, देशपांड्याच्या वाड्यातही हिलाच. मागच्या दारानं आत जायचं. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, रक्तानं भरलेलं लुगडं तिनं न्यायचं. पोराला जगात पहिला हात लागायचा तो तिचा. तो हात चालायचा. पोर रडलं की मग मात्र तिनं उंबऱ्याबाहेर बसायचं, पायलीभर जोंधळा वरून सुपात पडायचा आणि तिच्या मागं घर धुऊन निघायचं. हे वाड्याचं झालं. आपलंही लिहितो. आम्ही महारवाड्यातले. माझ्या बापाची नाळ तिनंच कापली, आणि आमच्याही आजीनं तिला भाकरी दिली ती बाहेर, वरून. साथीच्या लेखात 'आमच्या आया' असं जे लिहिलंय त्यात ही बाई बसते का, हे त्यानं आधी स्वतःला विचारावं.

त्या बाईला पुष्कळ कळायचं. कळा मंदावल्या की ती एरंडेल द्यायची. त्याला कुणी अडाणीपणा म्हणेल, पण 2012 साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की एरंडेलातलं रिसिनोलिक आम्ल आतड्याला जिथं धरतं, तशाच जागी गर्भाशयालाही धरतं. म्हणजे बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. ओकाऱ्यांना आलं द्यायची. आल्यानं मळमळ कमी होते हे चाचण्यांत दिसलंय. खोकल्याला अडुळसा द्यायची, आणि इथं गडबड होती, कारण अडुळशातलं वासिसिन गर्भाशय आवळतं असं जनावरांवरच्या प्रयोगात आढळलंय. कुठलं तारतं, कुठलं मारतं, किती दिलं की तारतं आणि किती दिलं की मारतं, हे तिला अंदाजानं माहीत होतं. जे चुकलं ते पुरलं गेलं. त्याची नोंद कोण ठेवणार? तिला अक्षर येऊ दिलं नव्हतं.

युरोपातल्या सुईणींचं काय झालं ते बघा. तिकडं राय नावाच्या धान्यावर एक काळी बुरशी पडते, अर्गट म्हणतात. तिथल्या सुईणी कळा वाढवायला ती द्यायच्या. 1808 साली एका अमेरिकन डॉक्टरनं ती वैद्यकात आणली. मग मेलेली पोरं निपजायला लागली, डॉक्टरांनी मोजदाद केली, 1822 साली बोंब झाली की ही कळांची पूड नव्हे, मरणाची पूड आहे. पोर बाहेर येण्याआधी द्यायचीच नाही, नंतर रक्त थांबवायला द्यायची, असं ठरत गेलं. 1935 साली त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं. आज बाळंत झाल्यावर रक्त थांबेना तर जी इंजेक्शनं देतात त्यातलं एक त्याच घराण्यातलं आहे, आणि बीपी चढलेल्या बाईला ते टोचायचं नाही हेही ठाऊक आहे. सुईणीच्या फडक्यातली बुरशी. कुणीतरी ती मोजली, चुकलं तेव्हा चुकलं म्हणून लिहिलं.

आपल्याकडं असं का झालं नाही? ज्या हाताला विटाळ मानला त्या हातातलं कोण तपासणार? लिहिणाऱ्यांनी बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवला नाही. त्यांच्या ग्रंथात गरोदर बाईसाठी महिन्यावार आहार आहे. चरकसंहितेत बघा: पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेलं दूध, चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप. वाचून हसू आलं. वहिनीचा आहार पहिल्या महिन्यापासून आठव्यापर्यंत चहा-पाव आणि रात्री भात. त्याच ग्रंथात पुंसवन आहे. पोटातला गर्भ मुलगाच व्हावा म्हणून वडाचे कोंब, सोन्या-रुप्याच्या पुरुषाच्या मूर्ती तापवून दुधात बुडवायच्या. शास्त्र म्हणे.

आणि तो धंदा मेलेला नाही. मुलगा होण्याची पुडी आजही विकली जाते, शिवलिंगीचं बी विकलं जातं. 2015 साली 'पुत्रजीवक बीज' या नावावरून राज्यसभेत गोंधळ झाला. विकणारे म्हणाले, ते झाडाचं नाव आहे आणि दवा वांझपणावरची आहे. झाडाचं नाव तेच आहे, खरं. पण गिऱ्हाईक झाडाचं नाव वाचून येतं का, हे त्यांनाही ठाऊक आहे. हरियाणात ज्या बायांनी गरोदरपणात मुलग्यासाठी देशी औषधं घेतली होती, त्यांच्या पोरांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण जास्त आढळलं. न्यूयॉर्क शहरात 2011-12 मध्ये सहा गरोदर बायांच्या रक्तात शिसं सापडलं. सहाही जणी भारतात बनलेल्या आयुर्वेदिक गोळ्या घेत होत्या. शिसं वारेतून पोराकडं जातं. ही मावशीची घेटुळी नव्हे, ही बाटलीबंद, लेबल लावलेली परंपरा. जुन्या ग्रंथातली कृती आहे एवढं दाखवलं की परवान्यासाठी गरोदर बाईवर तिचा वेगळा अभ्यास मागितला जात नाही. मांगिणीच्या हातात होतं तेव्हा घाण, दुकानात गेलं की प्राचीन विज्ञान. साथी, तुझा लेख छापला असता तर तो या दुकानदारांनी कापून दुकानात चिकटवला असता. तुझ्या डोळ्यासमोर मावशी होती, माहीत आहे. गल्ला त्यांचा भरला असता.

डॉक्टरी औषधं म्हणजे देव, असंही आमचं म्हणणं नाही. थॅलिडोमाइड नावाची गोळी 1957 पासून ओकाऱ्यांवर निर्धोक म्हणून विकली. हजारो पोरं हातापायांविना जन्मली. 1961 साली ती बाजारातून निघाली ती कुणी तक्रार केली, कुणी मोजलं म्हणून. मोजणं हा शब्द मी परत परत लिहितोय, कंटाळा आला तरी वाचा.

आता त्या कानाखाली मारणाऱ्या शहाण्याकडं वळतो. बाया पाला का खातात? 2019 ते 21 च्या सरकारी पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, 52.2 टक्के गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी होतं. त्याच पाहणीत 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. म्हणजे बाया दवाखान्यात जातात रे. बाळंत व्हायला जातात. आधीचे नऊ महिने मात्र जायला पैसा नाही, सुट्टी नाही, आणि गेलं तर अपमान आहे. पगारी रजा 2017 पासून 26 आठवडे झाली. कुणाला? किलोवर कोलंबी सोलणारीच्या मुकादमाला विचारून बघ. पहिल्या पोराला केंद्राच्या योजनेत पाच हजार मिळतात, त्यासाठी कार्ड, बँक, आधार, फेऱ्या. फेरी म्हणजे खाडा. मावशीकडं खाडा पडत नाही. मावशी 'ये पोरी' म्हणते. तेवढ्यासाठीसुद्धा बाई काढा पिते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. 28 जुलै 1928 ला मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा ते उठून बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारनं उचलावा, जिच्या श्रमावर मालक कमावतो तिच्यासाठी मालकानंही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. 1929 साली कायदा झाला. ज्या माणसाची स्वतःची चार लेकरं गेली होती तो हे बोलत होता. 1938 च्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला, तो मात्र सभागृहानं पाडला. आपण जयंतीला डीजे लावतो. यातलं किती पोरांना माहीत आहे?

एक गोष्ट बाया उघड बोलत नाहीत, ती लिहितो. पोट पाडायच्या मुळ्या. चित्रकाची मुळी, कण्हेरीची मुळी. मावशीच्या आजीला यासाठीही वाड्यावर बोलावणं यायचं, विधवा सुनेसाठी, रात्री. त्यानं बाई सडून मरते, कण्हेरीनं काळीज बंद पडून मरते. जोतिराव-सावित्रीबाईंनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच बायांसाठी, आणि त्या ब्राह्मण विधवा होत्या. आज कायदा आहे, 1971 पासून. बाई अठराच्या पुढची असेल तर फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. दवाखान्यात कुणी नवऱ्याला आण म्हणालं तर ते खोटं आहे. हे आपल्या बहिणींना सांगा, लाजू नका. मुळीपर्यंत गोष्ट जाऊ देऊ नका.

मावशीशी मी पंधरा दिवस बोललो नाही. मग गेलो. ती रडली. म्हणाली, मला काय ठाऊक आतून चढतंय म्हणून, मला कुणी सांगितलं का कधी? खरंच, कुणी सांगितलं होतं? आपण तिच्या दारावरून झेंडे घेऊन जातो. आता असं ठरलंय की गरोदर बाई आली आणि तिचं तोंड-हात सुजलेले असतील, डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढं चमकत असेल, तर मावशी काढा ठेवणार नाही, आधी बीपी बघायला पाठवणार. आकडा वरचा 140 किंवा खालचा 90, यातला कुठलाही भरला की त्याच दिवशी दवाखाना. सोबत आपल्यातलं कुणीतरी जाणार, रांगेत बाईच्या जागी उभं राहणार आणि आतून कुणी तोंड टाकलं तर उत्तर देणार. रात्र असेल तर 108. मावशी जे जे देते त्याची एक वही आमच्या गटातली एक पोरगी लिहितेय: काय, किती, कुणाला, पुढं काय झालं. मावशी सांगते, ती लिहिते. पहिल्या पानावर वहिनीचं लिहिलंय. मावशीनंच लिहायला लावलं.

साथी, तुझा लेख परत लिही. त्या वहीत बघून लिही. छापतो.

या अंकाला रंगीत मुखपृष्ठ नाही आणि कवितांची आठ पानं कमी आहेत, त्यात माझ्याही दोन गेल्या. त्या पैशांतून बीपीचं मशीन घेतलंय. ते विहारात कपाटात ठेवलंय, संध्याकाळी सात ते नऊ. किल्ली वहिनीकडं आहे. सेल संपले तर तिला सांगा.